४५ मिनिटांत एक दस्त: एसक्यूई २ च्या ड्राफ्टिंगची तयारी

माझी वकिली सुरू झाली साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात. पहिलं वर्ष सीनियरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर दस्त उतरवण्यात गेलं. 'कारणे लिहून देतो खरेदीखत ऐसा जे की' इथून सुरू करायचं आणि 'येणेप्रमाणे खरेदीखत स्वखुशीने लिहून दिले असे' इथे थांबायचं. मधलं सगळं मागच्या दस्तातून. नावं, गट नंबर, चतुःसीमा बदलल्या की झालं काम. पुढे इंग्लंडला आले, लेस्टरमधल्या एका छोट्या फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची साहाय्यक, म्हणून लागले आणि पहिलाच ड्राफ्ट परत आला. तीन पानांवर लाल शाई होती आणि वर एकच प्रश्न: 'क्लायंटने काय सांगितलं होतं, आणि ते यात कुठे आहे?'

सॉलिसिटर होण्यासाठी इथे द्याव्या लागणाऱ्या परीक्षेतही हाच एक प्रश्न असतो. भाषा चांगली हवी, कायदा पाठ हवा, हे सगळं खरंच. पण ड्राफ्टिंगमध्ये मार्क जातात ते बहुतेक वेळा सूचना नीट न वाचल्यामुळे. त्यामुळे या लेखात लिहिण्याइतकाच वाचण्यावर भर आहे.

आधी परीक्षेचं गणित

सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन, म्हणजे एसक्यूई, इंग्लंड आणि वेल्समध्ये सप्टेंबर २०२१ पासून आली. तिचे दोन भाग आहेत. एसक्यूई १ म्हणजे प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर. ते पास झाल्याशिवाय दुसऱ्या भागाला बसता येत नाही. एसक्यूई २ पहिल्यांदा एप्रिल २०२२ मध्ये झाली. तिच्यात १६ कसोट्या असतात: १२ लेखी, ४ तोंडी. लेखी भाग तीन दिवस चालतो, रोज चार कसोट्या, आणि त्यातली एक ड्राफ्टिंगची. म्हणजे १६ पैकी ३ ड्राफ्ट, प्रत्येकाला ४५ मिनिटं. एक दावे किंवा फौजदारी कामातला, एक मालमत्ता किंवा मृत्युपत्रातला आणि एक कंपनी-व्यवसायातला.

उत्तरं सॉलिसिटरच तपासतात आणि निकष चार असतात. दोन कौशल्याचे: भाषा स्पष्ट, नेमकी, आटोपशीर आहे का, आणि रचना योग्य व सुसंगत आहे का. दोन कायद्याचे: ड्राफ्ट कायद्याने बरोबर आहे का, आणि पुरेसा आहे का. या शेवटच्या निकषातच व्यावसायिक नीतीचे प्रश्नही येतात. प्रत्येक निकषाला ए ते एफ अशी श्रेणी, ए म्हणजे ५ आणि एफ म्हणजे ०. कौशल्याला आणि कायद्याला समसमान वजन. हे कळल्यावर माझा बराच गैरसमज गेला. मी तोवर इंग्रजी घासूनपुसून लख्ख करण्याच्या मागे होते आणि निम्मे मार्क दुसरीकडेच होते.

दिलासा देणारी एक गोष्ट: १६ कसोट्यांचा मिळून एकच निकाल लागतो. एका ड्राफ्टने घात केला तरी दुसऱ्या दिवशी हात-पाय गाळायचं कारण नाही.

पुस्तकं, नोट्स काही नेता येत नाही. मात्र कलमांचे आणि खटल्यांचे आकडे घडाघडा म्हणून दाखवावेत, अशीही अपेक्षा नसते. नव्याने सॉलिसिटर झालेल्याला डोक्यात जे हवं, तेवढं हवं. परीक्षेच्या हंगामातल्या पहिल्या दिवसाच्या चार महिने आधी जो कायदा लागू होता, तो धरला जातो. शेवटच्या महिन्यात आलेल्या दुरुस्त्यांच्या मागे धावू नका.

दोन वर्षांचा कामाचा अनुभव हा इथल्या पात्रतेचा वेगळा भाग आहे. भारतातली सनद असलेल्या वकिलाला तो सक्तीचा नाही. तरी ड्राफ्टिंगपुरतं सांगते, इथल्या ऑफिसात सहा महिने काढले असतील तर परीक्षेची अर्धी भीती जाते. मुंबईत फोर्टमध्ये बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देऊन सॉलिसिटर झालेल्यांनाही हे लागू आहे. नाव तेच असलं तरी कायदा वेगळा आहे, आणि तो कुठे वेगळा आहे ते पुढे येईलच.

पायरी पहिली: सांगाड्यांची वही

तयारीचे पहिले दोन आठवडे मी एकही पूर्ण ड्राफ्ट लिहिला नाही. एक वही केली. प्रत्येक प्रकारच्या दस्तासाठी एक पान, आणि त्या पानावर फक्त 'हे नसेल तर दस्त कोसळतो' अशा गोष्टी. दाव्यासाठी पार्टिक्युलर्स ऑफ क्लेम (वादीच्या दाव्याचा तपशील), डिफेन्स (प्रतिवादीचं उत्तर), साक्षीदाराचं निवेदन, न्यायालयाचा आदेश. फौजदारीत बचावाचं निवेदन. मालमत्तेत विक्री करारातल्या विशेष अटी, मालकी हस्तांतराचा टीआर१ फॉर्म, लीजमधले (भाडेपट्ट्यातले) क्लॉज. मृत्युपत्र आणि त्याची पुरवणी. कंपनीत संचालक मंडळाची इतिवृत्तं, ठराव, भागधारकांच्या करारातले क्लॉज.

साहित्य फुकट आहे. सिव्हिल प्रोसीजर रूल्स (दिवाणी दाव्यांचे नियम) सरकारी संकेतस्थळावर आहेत, कायदे आहेत, कंपन्यांचे मॉडेल आर्टिकल्स (कारभाराचे नमुना नियम) आहेत, लँड रजिस्ट्रीचे फॉर्म आहेत. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने, म्हणजे एसआरएने, नमुना प्रश्न आणि नमुना उत्तरंही दिलेली आहेत. ती आधी वाचा, क्लास नंतर लावा. क्लासचे साचे पाठ करून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. सूचना जरा वेगळ्या आल्या की साचा हातात राहतो आणि प्रश्न निसटतो. परीक्षेत कधी नमुना देऊन त्यावरून लिहायला सांगतात, कधी आधीचा ड्राफ्ट सुधारायला, आणि कधी काहीच हाताशी न देता कोऱ्या पडद्यावर.

पायरी दुसरी: पहिली १२ मिनिटं हात बांधून

४५ मिनिटांची माझी वाटणी अशी ठरली: १२ मिनिटं वाचन, ५ मिनिटं सांगाडा, २२ मिनिटं लेखन, ६ मिनिटं तपासणी. शेजारची उमेदवार तिसऱ्या मिनिटाला कीबोर्ड बडवायला लागते आणि आपण नुसते वाचत बसलेलो असतो. तेव्हा जीव वरखाली होतो. होऊ द्या.

काय वाचायचं हे एका उदाहरणावरून दाखवते. उदाहरण मी सरावासाठी रचलेलं आहे.

लेस्टरमधला एक मिठाईवाला, त्याची लिमिटेड कंपनी आहे. त्याने १ मार्च २०२४ रोजी लेखी कराराने १८,००० पौंडांची कोल्ड रूम घेतली. ११ मार्चला बसवली. २९ एप्रिलला थंडपणा गेला. फर्मच्या भागीदाराचा ईमेल सांगतो: पार्टिक्युलर्स ऑफ क्लेम तयार कर. सोबत क्लायंटचा ईमेल, करार, दुरुस्तीचं बिल आणि खराब मालाची यादी. क्लायंट लिहितो: 'माल ७,१५० पौंडांचा गेला. पाच आठवडे भाड्याने दुसरी खोली घेतली, आठवड्याला ४८०. दुरुस्ती ३,९००. सेल्समनला मी फोनवर आधीच बजावलं होतं, आमची मिठाई दुधाची आहे, ५ अंशांच्या वर गेली की संपली. या लोकांनी सरळ फसवलंय, तसं लिहा.'

वाचताना कागदावर तीन रकाने करा: कोण, कधी, किती. मग चौथा, 'हे जुळत नाही'. या प्रकरणात चौथ्या रकान्यात काय पडलं ते बघा.

एक, खरेदीदार कंपनी आहे. म्हणजे ग्राहक म्हणून मिळणारं संरक्षण देणारा २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट इथे लागू नाही. इथे १९७९ चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट, कलम १४. माल समाधानकारक दर्जाचा असावा ही एक गर्भित अट, आणि विक्रेत्याला सांगितलेल्या खास कामासाठी योग्य असावा ही दुसरी. 'मिठाईवाला' हा शब्द वाचून डोळ्यांसमोर एक साधा माणूस उभा राहतो आणि बोट आपोआप ग्राहक कायद्याकडे जातं. इथेच पहिला घात होतो.

दोन, फोन. दुसऱ्या अटीचा सगळा भार त्या फोनवर आहे. कोणी कोणाला, कधी, काय सांगितलं? कागदपत्रं चाळली तर कॉल २२ फेब्रुवारीचा, म्हणजे कराराच्या आधीचा. तो नंतरचा असता तर ही अट उभीच राहिली नसती.

तीन, माल. यादीतल्या एका ओळीवर ६ मार्चची तारीख आणि ८०० पौंड. कोल्ड रूम तर ११ मार्चला बसली! तो माल दुसऱ्याच कुठल्या कारणाने गेला. म्हणजे नुकसान ७,१५० चं नाही, ६,३५० चं. भाडं २,४००, दुरुस्ती ३,९००, एकूण १२,६५०.

चार, 'फसवलंय'. कागदांत फसवणुकीचा मागमूस नाही. न्यायालयापुढे फक्त रास्त युक्तिवाद होऊ शकेल असंच विधान करायचं, हा एसआरएच्या आचारसंहितेतला नियम. क्लायंटच्या रागाला ड्राफ्टमध्ये जागा नाही. आणि क्लायंटने ते ८०० पौंड 'राहू द्या, कोण बघतंय' म्हणून आग्रह धरला, तर तेही नाही. न्यायालयाची दिशाभूल करायची नाही, हा त्याच संहितेचा पाया आहे. शिवाय दाव्याच्या शेवटी सत्यतेचं निवेदन असतं. त्यात एप्रिल २०२० पासून एक स्पष्ट वाक्य लिहावं लागतं: खरेपणावर प्रामाणिक विश्वास नसताना खोटं विधान केलं, तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. त्याखाली सही करणारा बहुधा क्लायंटच असतो.

नीतीचा प्रश्न परीक्षेत 'हा नीतीचा प्रश्न आहे' अशी पाटी लावून येत नाही. तो असा एखाद्या तारखेत लपलेला असतो. सापडला की ड्राफ्ट बरोबर करा आणि जमेल तिथे भागीदारासाठी दोन ओळींची नोंद ठेवा: अमुक रक्कम वगळली, कारण अमुक, क्लायंटशी बोलावं लागेल. भाषण नको.

पायरी तिसरी: सांगाड्यावर मांस

आता लिहायचं. क्रम ठरलेला आहे: पक्ष कोण, करार काय, अटी कुठल्या, भंग कसा, त्यामुळे काय झालं, नुकसान किती, व्याज, मागणी, सत्यतेचं निवेदन. प्रत्येक परिच्छेदाला आकडा, आणि एका परिच्छेदात एकच गोष्ट. परीक्षेत हे अर्थातच इंग्रजीत लिहायचं आहे. गोम दिसावी म्हणून इथे मराठीत मांडते.

माझा पहिला प्रयत्न असा होता: 'प्रतिवादीने पुरवलेली कोल्ड रूम अत्यंत निकृष्ट दर्जाची असल्याने व वारंवार कळवूनही प्रतिवादीने दाद न दिल्याने वादीस अपरिमित नुकसान सोसावे लागले असून त्यास सर्वस्वी प्रतिवादी जबाबदार आहे.'

साताऱ्यात यावर कोणी भुवई उंचावली नसती. इथे यात काहीच नाही. कुठली अट मोडली? कधी? 'निकृष्ट' म्हणजे काय? 'अपरिमित' म्हणजे किती पौंड?

दुसरा प्रयत्न:

'५. दि. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी वादीच्या संचालकांनी प्रतिवादीच्या विक्री प्रतिनिधीला फोनवर सांगितले की कोल्ड रूम दुधाची मिठाई ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवण्यासाठी हवी आहे.
६. म्हणून कोल्ड रूम त्या कामासाठी वाजवीपणे योग्य असेल, अशी करारात गर्भित अट होती.
७. प्रतिवादीने या अटीचा भंग केला. दि. २९ एप्रिल २०२४ पासून कोल्ड रूम ५ अंशांच्या खाली तापमान राखू शकली नाही.
८. या भंगामुळे वादीचे पुढीलप्रमाणे नुकसान झाले.'

आणि खाली तीन ओळी, तीन रकमा, एक बेरीज. सपक वाटतं, नाही? सपकच असावं. पाचवा परिच्छेद नसेल तर सहावा उभा राहत नाही, सहावा नसेल तर सातवा. परीक्षक ही साखळी बघतो.

समाधानकारक दर्जाच्या अटीचा परिच्छेद विसरू नका. एक अट सापडली की दुसरी हातून सुटते. पुरावा आणि विधान यांत गल्लत नको. 'सेल्समनचा ईमेल हे सिद्ध करतो' हे साक्षीदाराच्या निवेदनात जाईल, दाव्यात नाही. करार लेखी आहे, तर त्याची प्रत जोडल्याचं लिहा. व्याज मागायचं तर कशाच्या आधारे ते सांगावं लागतं. करारात व्याजाची अट नसेल आणि दावा काउंटी कोर्टात असेल, तर १९८४ च्या काउंटी कोर्ट्स ॲक्टचं कलम ६९. हे एक कलम मात्र आकड्यासकट लक्षात असलेलं बरं, कारण ते ड्राफ्टमध्येच लिहायचं असतं.

डिफेन्स आला तर आपल्या कैफियतीची सवय दारातच काढून ठेवा. 'वादीची परिच्छेद १ ते १२ मधील सर्व विधाने खोटी व लबाडीची असून ती या प्रतिवादीस मान्य व कबूल नाहीत' हे वाक्य मी शंभरदा तरी टाइप केलं असेल. खरं तर आपल्या सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) ऑर्डर ८ लाही असा मोघम नकार मंजूर नाही, पण आपल्याकडे चालून जातं. इथे प्रत्येक विधानाला तीनपैकी एक उत्तर द्यावं लागतं: मान्य, अमान्य, आणि का ते, किंवा आम्हाला माहीत नाही, वादीने सिद्ध करावं. कारण न देता नाकारलं की कायद्याचे मार्क गेलेच. समोरच्याच्या परिच्छेदांच्या क्रमानेच उत्तरं द्या. तपासणाऱ्यालाही सोपं जातं.

पायरी चौथी: भारतातला कायदा कुठे पाय ओढतो

आपल्यासारख्यांसाठी खरी जोखीम इथे आहे. भारतीय कायदा इंग्रजी कायद्याच्या इतका जवळचा आहे की फरक दिसतच नाहीत. कराराच्या भंगाचा दावा आपल्याकडे तीन वर्षांत, इथे सहा वर्षांत. डीडवरचा, म्हणजे साक्षीदारासमोर केलेल्या औपचारिक दस्तावरचा, दावा बारा वर्षांत. डीडवर सही करणाऱ्यासोबत साक्षीदार हवा, आणि तो दस्त डीड म्हणून केला आहे हे दस्तातच दिसायला हवं. आपला जीव दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अडकलेला असतो, त्यामुळे सहीच्या जागेकडे दुर्लक्ष होतं.

सगळ्यात जास्त फसगत मृत्युपत्रात. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार लागतात, पण दोघं एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. इथल्या १८३७ च्या विल्स ॲक्टप्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याने दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असताना सही करायची किंवा आधीची सही कबूल करायची. साक्षांकनाचा क्लॉज लिहिताना 'एकाच वेळी' हे शब्द गळले, तर माझ्या मते तो ड्राफ्ट तिथेच घसरला. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला काही ठेवलं असेल तर मृत्युपत्र टिकतं, पण ती देणगी बुडते. आणि लग्न झालं की इथे आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, जर ते त्याच लग्नाचा विचार धरून केलेलं नसेल तर. हिंदूंच्या बाबतीत आपल्याकडे असं होत नाही, त्यामुळे 'क्लायंट पुढच्या महिन्यात लग्न करतेय' हे वाक्य आपण अभिनंदनाच्या नजरेने वाचतो आणि पुढे जातो.

एक प्रसंग परीक्षेतला नाही, ऑफिसातला आहे. एक काकू आल्या. इथे घर, बँकेत पैसे. कोथरूडमध्ये फ्लॅट, त्यासाठी पुण्यात केलेलं वेगळं मृत्युपत्र. त्यांना फक्त इथल्या मालमत्तेचं करून हवं होतं. मी नमुन्यातून पहिला क्लॉज उचलला: मी याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द करते. सीनियरने तो वाचला आणि मला विचारलं, 'पुण्याचं पण?' एका ओळीत मी कोथरूडचा फ्लॅट वाऱ्यावर सोडला होता. मग तो क्लॉज असा झाला: 'हे मृत्युपत्र माझ्या भारतातील मालमत्तेला लागू नाही. भारतातील मालमत्तेसंबंधीचं मृत्युपत्र सोडून याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं मी रद्द करते.' नमुन्यातला प्रत्येक क्लॉज 'हा इथे हवा का' असं विचारून घ्यायचा, हे मी त्या दिवशी शिकले. परीक्षेत नमुना दिला असेल तर त्यातले दोन-तीन क्लॉज बहुधा तुम्हाला पाडण्यासाठीच ठेवले असावेत, असं समजून वाचा.

मृत्युपत्राचा बाकी सांगाडा सरळ आहे: आधीची रद्द, एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा), अल्पवयीन मुलांचे पालक, ठराविक देणग्या, उरलेली मालमत्ता, आणि ती घेणारा आधीच वारला तर पुढे कोण. हा 'पुढे कोण' विसरला की अर्धी मालमत्ता वारसा कायद्याच्या हवाली होते.

कंपनीच्या कामाबद्दल थोडक्यात

इथे भाषेपेक्षा क्रम मोठा. इतिवृत्त म्हणजे गोष्ट नव्हे, प्रक्रिया पाळल्याची नोंद. कोरम (सभेला लागणारी किमान उपस्थिती), संचालकांच्या हितसंबंधांची घोषणा, प्रस्ताव, भागधारकांची मंजुरी लागत असेल तर सभा तहकूब, मंजुरी, पुन्हा सभा, करारावर सही, कंपनीज हाउसला (कंपन्यांच्या नोंदणी कचेरीला) काय आणि कधी पाठवायचं. विशेष ठराव १५ दिवसांत. संचालक स्वतःची जागा किंवा यंत्र कंपनीला विकतोय असं दिसलं की थांबा. किंमत १ लाख पौंडांच्या वर असेल, किंवा ५,००० च्या वर आणि कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या १० टक्क्यांहून जास्त असेल, तर २००६ च्या कंपनीज ॲक्टच्या कलम १९० खाली भागधारकांची मंजुरी लागते. ताळेबंद जोडलेला असतो तो याचसाठी. आणि मॉडेल आर्टिकल्स लागू असतील तर तो संचालक त्या विषयावर कोरममध्ये धरायचा नाही. दोनच संचालक असतील तर कोरमचं काय? हा प्रश्न तुम्हाला इतिवृत्त लिहिण्याआधी पडला पाहिजे.

पायरी पाचवी: भाषेची सफाई

'येथून पुढे ज्यास', 'उपरोक्त', 'सविनय सादर' यांची इंग्रजी भावंडं, म्हणजे हिअरइनआफ्टर, अफोरसेड, मोस्ट रिस्पेक्टफुली शोएथ, ही सगळी घरी ठेवा. पण ती जातात सहज. चिवट असते ती कर्मणी रचना. सरकारी मराठीत वाढलेल्या माणसाच्या हाडीमांसी 'कार्यवाही करण्यात येईल' हे रुतलेलं असतं. कोण करेल? कधीपर्यंत? नाही केली तर? लीजमध्ये 'दुरुस्ती वाजवी वेळेत केली जाईल' असं लिहिलं की घरमालक आणि भाडेकरू दोघं एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. 'भाडेकरूकडून लेखी सूचना मिळाल्यापासून २८ दिवसांत घरमालकाने छत दुरुस्त केलं पाहिजे' यात पळवाट कमी.

माणसाला एकदा दिलेलं नाव बदलू नका. शाळेत आपल्याला तोच शब्द पुन्हा वापरू नये असं शिकवलं. इथे उलट. पहिल्या ओळीत 'विक्रेता' म्हटलं तर शेवटच्या ओळीतही विक्रेता; मधेच 'कंपनी' झाली की वाचणारा विचारेल, ही कोण आणखी? आणि 'अँड/ऑर' ही तिरकी रेघ टाळा. अँड हवं की ऑर, ते ठरवणं हेच आपलं काम आहे.

सराव कसा

सांगाड्यांच्या वहीनंतर मी सहा आठवडे घेतले. आठवड्याला तीन ड्राफ्ट, घड्याळ लावून, संगणकावर, नोट्स बंद. पहिल्या दोन आठवड्यांत एकही वेळेत पूर्ण झाला नाही. पूर्ण झाल्यावर लगेच तपासायचा नाही. दुसऱ्या दिवशी चार निकष चार रंगांत घेऊन बसायचं. स्वतःला ए द्यायचा मोह होतो, म्हणून एका मैत्रिणीशी अदलाबदल ठरवली. ती नायजेरियाची वकील. तिला माझं 'सबब' दिसायचं, मला तिचं.

ऑफिसात असाल तर सीनियरकडून सुधारून आलेला ड्राफ्ट टाकून देऊ नका. तुमचा मूळ आणि त्यांचा सुधारित शेजारी ठेवा आणि प्रत्येक बदलापुढे एक शब्द लिहा: कायदा, तथ्य किंवा भाषा. महिन्याभराने मोजलं तर माझे निम्म्याहून जास्त बदल 'तथ्य' निघाले. मला वाटत होतं माझं इंग्रजी कच्चं आहे.

शेवटची सहा मिनिटं आणि त्याआधीची एक गोष्ट

तपासणी वरून खाली वाचून करू नका, डोळा सरावलेला असतो. आधी फक्त नावं बघा. मग फक्त तारखा. मग बेरीज पुन्हा करा. मग चौकटी कंसातल्या रिकाम्या जागा, नमुन्यातून आलेल्या. मग परिच्छेदांचे आकडे आणि एकमेकांतले संदर्भ. मधे एक परिच्छेद घुसवला की 'परिच्छेद ६ मधील अट' ही सातवी झालेली असते. सत्यतेचं निवेदन किंवा सही-साक्षीची जागा शेवटी. एखादा क्लॉज पूर्ण होणार नसेल तर त्याचं मुख्य वाक्य तरी टाका; कोऱ्या जागेला मार्क देता येत नाहीत.

नोंदणी करताना नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच घाला. आपल्याकडे मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, पासपोर्टवर एक आणि सनदेवर दुसरं. लेखी परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर असते आणि तिथे दारावर ओळखपत्र आणि नोंदणी ताडून बघतात. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर ते काम परीक्षेच्या दोन महिने आधी उरका. माझं नोंदणीतलं मधलं नाव राहून गेलं होतं, आणि कायदा वाचायचा सोडून मी तीन दिवस ईमेल लिहीत बसले होते.